बाथटब अ‍ॅक्रिलिकचा, बिडाचा की दगडाचा? आधी स्लॅबला आणि गिझरला विचारा

घराचं काम काढलं की मोठ्या बाथरूममध्ये टब बसवायचा विषय हल्ली हमखास निघतो. नव्या टॉवरांच्या जाहिरातींत खिडकीशेजारी पांढराशुभ्र टब दिसतो आणि आपल्यालाही वाटतं, दिवसभर ट्रॅफिकमध्ये आंबून आल्यावर अर्धा तास त्यात पडून राहायला काय हरकत आहे? काहीच हरकत नाही. अडचण सुरू होते ती शोरूममध्ये. दोन टब शेजारी ठेवलेले असतात, दोन्ही पांढरे, दोन्ही चकचकीत, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट. "हा अ‍ॅक्रिलिक, हा कास्ट आयर्न, तो सॉलिड सरफेस," असं सेल्समन सांगतो. आपण मान डोलावतो आणि शेवटी आकार बघून ठरवतो.

नळ बदलता येतो, बेसिन बदलता येतं. टब मात्र एकदा टाइल्समध्ये बसला की काढायला फरशी फोडावी लागते. म्हणून तो कशाचा बनलेला आहे हे आधी समजून घ्यायला हवं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. स्वयंपाकघरातली भांडी ओळखीची असली तरी पुरे.

सगळे टब सारखे का दिसतात?

कारण आपल्याला फक्त वरचा थर दिसतो. बहुतेक टब दोन गोष्टींचे असतात: अंगाला लागणारा गुळगुळीत थर आणि वजन पेलणारं अंग. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर म्हणा. कापड सगळ्यांचं पांढरं असतं, टब किती वर्षं टिकणार हे अस्तर ठरवतं. त्यामुळे शोरूममध्ये टब वरून बघून भागत नाही. त्याची पाठ बघायला मागा.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच ना?

हो, प्लॅस्टिकच, पण चांगल्या जातीचं. अ‍ॅक्रिलिकची काही मिलिमीटर जाडीची शीट तापवून मऊ करतात, साच्यावर ठेवतात आणि मधली हवा ओढून घेतात. शीट साच्याला चिकटते आणि टबाचा आकार घेते. मग पाठीमागून काचेच्या तंतूंचा आणि रेझिनचा (वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनाचा) थर देतात, म्हणजे फायबरग्लास. हे झालं अस्तर.

यातली मेख अशी की फुगा जिथे जास्त ताणला जातो तिथे तो पातळ होतो, तसंच या शीटचंही होतं. टबात ती सर्वांत जास्त ताणली जाते तळाच्या कोपऱ्यांत, आणि आपण उभे राहतो नेमके त्याच्या आसपास. म्हणून पाठीमागचं फायबरग्लास भरपूर हवं, तळाला फळीचा किंवा तशाच कशाचा आधार हवा आणि खाली धातूची फ्रेम हवी. टबाच्या तळावर तळहाताने जोर देऊन बघा. दबला, किंवा 'टक' आवाज करून परत वर आला, तर तो टब सोडून द्या. बूट काढून आत उभं राहून बघायलाही संकोच करू नका.

स्वस्त टबांत आणखी एक प्रकार असतो. आतलं प्लॅस्टिक वेगळंच, साधं, आणि वर अ‍ॅक्रिलिकचा पातळ पापुद्रा. कापलेली कड दिसली तर दोन रंग दिसतात. पूर्ण अ‍ॅक्रिलिकच्या शीटमध्ये रंग आरपार असतो, त्यामुळे ओरखडा पडला तरी बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिश लावून तो घालवता येतो. पापुद्रा मात्र घासला की संपतो.

बाजारात 'फायबरचा टब' म्हणतात तो याहून वेगळा. तिथे साच्यावर आधी रंगीत रेझिनचा थर फवारतात आणि त्यावर फायबरग्लास चढवतात. अंगाला लागणारा तो थर मिलिमीटरभरही नसतो. काही वर्षांत तो निस्तेज होतो, पिवळट पडतो, बारीक तडे जातात. भाड्याने द्यायच्या घरात ठीक आहे. स्वतःच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही.

अ‍ॅक्रिलिकचे शत्रू दोन: उष्णता आणि थिनर. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. नळाच्या गरम पाण्याने त्याला काही होत नाही, पण उकळत्या पाण्याचं पातेलं थेट ओतू नये, काठावर उदबत्ती किंवा मेणबत्ती ठेवू नये. पाणी तापवायचा रॉड तर टबात कधीच सोडू नये. टब जळेल ही त्यातली छोटी गोष्ट आहे, शॉक लागून जीव जाऊ शकतो. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन सांडलं तर अ‍ॅक्रिलिक तिथे विरघळतं आणि डाग कायमचा राहतो.

लोखंडी अंग, काचेचा मुलामा

कास्ट आयर्न म्हणजे आपलं बीड. आंबोळ्या-घावन घालायचा बिडाचा तवा ज्यांच्या घरी आहे त्यांना त्याचं वजन आणि स्वभाव दोन्ही ठाऊक असतं. टबासाठी बीड साच्यात ओततात आणि वर इनॅमल चढवतात. इनॅमल म्हणजे रंग नव्हे. ती काचेची पूड असते, आठशे अंशांच्या आसपास तापवून लोखंडावर वितळवलेली. म्हणजे अंग लोखंडाचं आणि कापड काचेचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जॉन मायकेल कोलर यांनी १८८३ साली जनावरांच्या ओतीव लोखंडी डोणीला असा मुलामा दिला, तिला चार पाय लावले तर बाथटब होतो असं सांगून ती विकली, आणि आज नावाजलेल्या एका कंपनीची न्हाणीघराच्या सामानातली सुरुवात तिथून झाली.

असा टब पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हे खरं आहे. काचेवर ओरखडे सहज पडत नाहीत, डाग धरत नाहीत, रंग उतरत नाही. पण जुन्या घरातली इनॅमलची ताटली आठवा. हातातून पडली की टवका उडायचा, आणि तिथे काळा ठिपका येऊन हळूहळू गंज पसरायचा. माझ्या बहिणीच्या घरी नेमकं हेच झालं. कपाटावरून पितळी तांब्या टबात पडला, पाच रुपयांच्या नाण्याएवढा टवका निघाला, आणि दोन पावसाळ्यांत त्याभोवती तांबूस कडं आलं. तिचा टब बिडाचाही नव्हता, पत्र्याचा होता. वर तसाच इनॅमल, पण खाली दोन-तीन मिलिमीटरचा स्टीलचा पत्रा. पत्रा दणक्याने लवतो, काच लवत नाही, म्हणून तिथे टवके लवकर उडतात. शिवाय पाणी सोडलं की पत्र्याच्या छपरावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर टवक्याला गंज आणखी लवकर धरतो.

"पण बिडाच्या टबात पाणी जास्त वेळ गरम राहतं म्हणे"

हे सगळीकडे ऐकू येतं आणि अर्धंच खरं आहे. बिडाचा तवा तापायला वेळ लागतो आणि तापला की गॅस बंद केल्यावरही शेवटचा घावन होतो. टबाचंही तेच. समजा, दीडशे किलोचा टब वीस अंशांवर थंड पडलेला आहे आणि त्यात तुम्ही बेचाळीस अंशांचं १४० लिटर पाणी सोडलंत. टब स्वतः गरम होताना पाण्याचे साधारण दोन अंश खातो. तेवढी उष्णता तो नंतर सावकाश परत देतो, पण ती आधी तुमच्याच गिझरमधून गेलेली असते. अ‍ॅक्रिलिकचा टब एखादा अंश घेतो. पुढे त्याच्यातून उष्णता बाहेर जाणं कठीण असतं, कारण प्लॅस्टिक उष्णतेचं मंद वाहक आहे. चहाचा स्टीलचा पेला हाताला चटका देतो आणि प्लॅस्टिकचा कप देत नाही, तेच कारण. म्हणूनच पाठ टेकवल्यावर अ‍ॅक्रिलिक लगेच उबदार लागतं आणि थंडीतलं बीड आधी शहारा आणतं.

खरं तर टबातलं पाणी निवतं ते मुख्यतः वरून, वाफ होऊन. चहावर बशी झाकली की तो गरम राहतो, तसं. जपानी घरांत टबावर झाकण ठेवायची पद्धत आहे ती यासाठीच. तिथे साबण लावून अंघोळ टबाबाहेर उरकतात, मग नुसतं डुंबायला आत जातात, आणि तेच पाणी घरातल्या सगळ्यांना पुरतं. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. टब कुठलाही घ्या, झाकणाचा विचार जरूर करा.

दगड: खाणीतला आणि कारखान्यातला

संगमरवराचा टब फोटोत राजेशाही दिसतो. पण ओट्याला आपण संगमरवर न घालता ग्रॅनाइट का घालतो? कारण लिंबू सांडलं की संगमरवरावर डाग पडतो. संगमरवर म्हणजे जवळपास खडूच्याच जातीचा पदार्थ, आम्लाशी त्याचं जमत नाही. त्यात एका सलग दगडातून कोरलेल्या टबाचं वजन चारशे किलोंच्या पुढे जातं. तळमजल्यावरचा बंगला असेल आणि देखभालीला माणूस असेल तरच त्याच्या वाटेला जा.

सॉलिड सरफेस किंवा स्टोन रेझिन म्हणतात तो कारखान्यातला दगड. खनिजाची बारीक पूड रेझिनमध्ये कालवून साच्यात ओततात. ड्यूपॉन्ट कंपनीने १९६७ साली 'कोरियन' या नावाने असा पदार्थ काढला आणि तो आधी ओट्यांवर आला, मग बेसिन-टबांत. इथे कापड आणि अस्तर वेगळं नसतंच, सगळा टब आरपार एकाच पदार्थाचा. त्यामुळे ओरखडा, डाग, लहानसा टवकासुद्धा घासून सारखा करता येतो. हाताला मऊसर, मॅट लागतो. मला स्वतःला सगळ्यांत आवडतो तो हाच. पण वजन शंभर-दीडशे किलो, किंमत चढी, आणि पुडीत नेमकं कुठलं खनिज आहे यावर दर्जा अवलंबून. म्हणून गॅरंटी लेखी घ्या.

तांब्याच्या टबाबद्दलही विचारणा होते, आणि घंगाळात न्हालेल्या पिढीला ते साहजिकही आहे. तांबं उष्णता झपाट्याने बाहेर सोडतं, पाण्याच्या डागांनी काळवंडतं. एक घंगाळ चिंचेने घासायला किती वेळ लागायचा हे आठवा आणि पाच फुटांचा टब डोळ्यांसमोर आणा. बांधून वर टाइल्स लावलेला हौद फार्महाऊसवर छान दिसतो, पण त्यातला प्रत्येक सांधा म्हणजे उद्याच्या गळतीची जागा.

माझा स्लॅब हे वजन झेलेल का?

हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे राहत्या घरातल्या बाथरूमसाठी धरायचा वापराचा भार म्हणजे चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो. आता हिशेब करू. पाच फूट बाय अडीच फुटांचा टब साधारण १.१६ चौरस मीटर जागा व्यापतो. काठाच्या भोकापर्यंत भरला तर दोनशे लिटर धरू. तुम्ही आत बसलात की तुमच्या शरीराएवढं पाणी बाहेर जातं, शाळेतला आर्किमिडीज. म्हणून पाणी आणि माणूस मिळून वजन दोनशे किलोंपेक्षा फार वाढत नाही. लोक इथे पाणी दोनशे, अधिक माणूस सत्तर अशी बेरीज करून उगाच घाबरतात.

फरक पडतो तो टबाच्या स्वतःच्या वजनाने. अ‍ॅक्रिलिकचा पस्तीस किलोंचा टब धरला तर चौरस मीटरला दोनशेच्या किंचित वर किलो होतात. बिडाचा किंवा स्टोन रेझिनचा दीडशे किलोंचा धरला तर तीनशेच्या वर. संगमरवर असेल तर पाचशेच्या वर. इंजिनिअर अर्थातच टबाखालचा तुकडा एकटा बघत नाही. पूर्ण स्लॅब आणि तुळया बघतो, त्यात सुरक्षिततेची राखीव ताकदही असते. त्यामुळे अ‍ॅक्रिलिक बहुतेक धडधाकट आरसीसी इमारतींत चालून जातो. पण टबाखाली मिस्त्री विटांचा कट्टा बांधणार, वाळू भरणार, पाइप लपवायला खाली घेतलेल्या, म्हणजे बुडवलेल्या स्लॅबमध्ये आधीच विटांच्या तुकड्यांचा कोबा असणार. ते वजन कुणी मोजतच नाही. बिडाचा, दगडाचा किंवा रेझिनचा टब घ्यायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका. मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतींत, जिथे तुळया लाकडी आणि जमीन लादीकोब्याची आहे, किंवा स्लॅबचं लोखंड गंजून पोपडे पडत आहेत, तिथे टबाचा विचारच सोडा. बाल्कनी आत घेऊन तिथे टब बसवणं तर धोक्याचंच. खाली कुणीतरी राहतं.

टब भरणार कशाने?

घंगाळात आपण कढत पाण्याला विसण घालायचो, टबातही तेच करतो. गिझरमध्ये २५ लिटर पाणी ६५ अंशांवर आहे, टाकीतलं पाणी २५ अंशांचं आहे. विसण घालून ४० अंशांवर आणलं तर मिळतं साधारण ६७ लिटर. म्हणजे टब निम्मासुद्धा भरला नाही. नाशिकच्या डिसेंबरात टाकीतलं पाणी १५ अंशांवर उतरलं की ५० लिटरच. १५ लिटरच्या गिझरची गोष्टच काढू नका. माणूस आत बसणार म्हणून टब १४० लिटरपर्यंतच भरला, तरी ते पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला जवळपास अडीच युनिट वीज लागते, दोन किलोवॉटच्या गिझरला सव्वा तास. एवढ्या वेळात आधी भरलेलं पाणी निवत जातं, आणि वर थंडगार बिडाचा टब असेल तर त्याचे दोन अंश वेगळे. ज्यांच्याकडे लहान गिझर आहे त्यांच्यासाठी जड टब चुकीचा, तो या हिशेबाने.

पाण्याचाही विचार केलाच पाहिजे. शहरी नळयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. एक टब म्हणजे एका माणसाचं दिवसाचं सगळं पाणी, स्वयंपाकासकट. ज्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो तिथे मी टब सुचवणार नाही, कुठल्याही मटेरियलचा.

टब घासणार कोण?

आपल्याकडे बाथरूम धुतात 'अ‍ॅसिड'ने, म्हणजे पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने, आणि तारेच्या किंवा काथ्याच्या ब्रशने. बोअरवेलचं पाणी जड असलं की पांढरे थर साचतात आणि ते काढायला हाच उपाय हाताशी असतो. संगमरवर यात सरळ खाऊन जातं. इनॅमलची चकाकी जाते, आणि एकदा काच खरखरीत झाली की मळ आणखी धरते. अ‍ॅक्रिलिकला आम्लापेक्षा ब्रशने जास्त इजा होते. म्हणून टब आणायच्या आधी घरात जी व्यक्ती बाथरूम धुते, मग ती तुम्ही असाल, आई असेल किंवा कामाला येणाऱ्या मावशी असतील, तिच्याशी बोला. अ‍ॅक्रिलिकला मऊ फडकं आणि भांडी घासायचा पातळ साबण पुरतो. पांढरे थर आले तर अर्धं व्हिनेगर-अर्धं पाणी लावून पाच-दहा मिनिटांनी पुसायचं आणि धुऊन टाकायचं. संगमरवरावर मात्र व्हिनेगरही नको. टब वापरून झाल्यावर कोरडा पुसला तर थर साचतच नाहीत.

मग घ्यायचा कुठला?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दहातल्या नऊ घरांना मी सांगेन: जाड शीटचा, पाठीला भरपूर फायबरग्लास असलेला पूर्ण अ‍ॅक्रिलिकचा टब. हलका, उबदार, दुरुस्त होणारा. स्वतःचा बंगला, तळमजला, सौर पाणीतापक आणि तीस वर्षं हात न लावायची इच्छा असेल तर बीड. पैसा आणि इंजिनिअरचं पत्र दोन्ही असेल तर स्टोन रेझिन.

पाण्याच्या धारांचा, आपण सर्रास जकुझी म्हणतो तो टब घेतलात (हे नाव इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेल्या एका कुटुंबाचं आडनाव आहे), तर मोटरपर्यंत हात पोहोचेल असं उघडणारं दार बाजूला ठेवायला सांगा आणि तीस मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. आणि घरात गुडघे दुखणारी माणसं असतील तर पन्नास-साठ सेंटीमीटरचा काठ ओलांडणं त्यांना रोज जमेल का, हे त्यांनाच विचारा. त्यांच्यासाठी शॉवरची जागा, बसायला स्टूल आणि भिंतीला पक्की कांब हवी. लहान मूल असेल तर टब वापर झाल्याझाल्या रिकामा करायचा, झाकण असलं तरीही.

बसवायच्या दिवशी मिस्त्रीपाशी उभे राहा. टब येण्याआधी वॉटरप्रूफिंग करून जमिनीवर पाणी तुंबवून चोवीस तास ठेवा आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताकडे बघा. टबाच्या तळाखाली पोकळी राहू देऊ नका, अ‍ॅक्रिलिक तडकतं ते तिथेच. आणि भिंतीलगतच्या फटीत सिलिकॉन भरायच्या आधी टब पाण्याने भरायला सांगा. भरलेला टब वजनाने केसभर खाली बसतो. रिकाम्या टबाला भरलेलं सिलिकॉन पहिल्याच अंघोळीला ताणलं जाऊन सुटतं आणि गळती सुरू होते. पाणी तसंच ठेवायचं, सिलिकॉन पूर्ण वाळेपर्यंत, आणि मगच बूच काढायचं.